पाणी पिणाऱ्या गाडीतून सापुतारा

एकाच आठवड्यात दोन फोन आले आणि दोन्ही एकाच घरातून. पहिला माझ्या धाकट्या भावाचा, हिरामणचा. "ताई, शनिवारी गाडी सापुताऱ्याच्या घाटात चढवायची आहे. तू माझ्या शेजारी बसायचंस. नाही म्हणू नकोस." दुसरा त्याच्या बायकोचा, रेखाचा. "ताई, तुम्ही या आणि यांना समजवा. सोमवारी कामावर गेले नाहीत तर यांच्या जागी दुसरा माणूस घेणार आहेत." फोन ठेवताना दोघांनीही बजावलं की मी फोन केला हे घरात बोलू नका.

नाशिकला माझी मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याला गाडी शिकवण्यात अर्धं आयुष्य गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. मी कुठल्याही गाडीत बसले की माझा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक शोधत राहतो. नाशिकहून सुरतेची बस सापुताऱ्यावरूनच जाते. त्या घाटात माझा पाय इतका चालला, की शेजारच्या बाईंनी शेवटी "चप्पल चावते का?" असं विचारलं. मी हो म्हणाले. दर वळणाला मी मनातल्या मनात हिरामणची गाडी चढवून पाहत होते आणि दर वळणाला ती कुठे ना कुठे बंद पडत होती.

लिंबायत

हिरामण वीसेक वर्षांपूर्वी धुळ्याकडून सुरतेला आला तो लूमवर. तिथल्या लिंबायत भागात आमच्याकडची इतकी माणसं आहेत की रिक्षावाल्याशी हिंदीत भाव करावा तर तो अहिराणीत उत्तर देतो. धोट्याच्या लूमवर हिरामणचे कान गेले. आवाजातला बारीक भाग आधी गेला, मग उरलेला हळूहळू. नंतर तो सुरतेजवळच्या सचिन गावात एका वॉटरजेट युनिटमध्ये लागला. तिथे धोटा नसतो. दाबाच्या पाण्याची धार धागा इकडून तिकडे नेते. आवाज तिथेही आहेच. डॉक्टरांनी सरळ सांगितलं आहे, की या खडखडाटात राहिलास तर उरलंसुरलंही जाईल. कानातलं मशीन त्याच्याकडे आहे, पण ते त्याच्या खिशात असतं. "घातलं की वाराच ऐकू येतो," म्हणतो.

पाण्याची धार, पंप आणि नोझल यांच्याशी खेळता खेळता त्याच्या डोक्यात गाडी शिरली. गल्लीच्या तोंडाशी त्याची जुनी टर्बो पेट्रोल गाडी उभी होती. मी पाय धुवायच्या आधीच त्याने बॉनेट उघडून दाखवलं.

"टर्बो हवा दाबतो. दाबली की हवा तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेच्या आधीच भडकतं, मग इंजिन ठोकतं. बरोबर?"

"बरोबर," मी ओरडून म्हटलं. समोरच्या घरातली बाईसुद्धा मान हलवत होती.

"म्हणून आत जाणाऱ्या हवेत पाण्याचा फवारा मारायचा. एकदम बारीक, धुक्यासारखा. हवा थंड, इंजिन गप्प."

काच धुण्याच्या पाण्याची टाकी, आरओचा छोटा पंप आणि हवेच्या पाइपात बसवलेलं पितळी नोझल, एवढीच सामग्री. टर्बोचा दाब वाढला की पंप आपोआप सुरू होतो. आणि पाण्याच्या भरवशावर त्याने एका जाणकाराकडून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये ठिणगीची वेळ अलीकडे ओढून घेतली होती. गाडीला त्यामुळे चांगला जोर आला होता. पण याचा दुसरा अर्थ मला लगेच कळला. आता पाणी थांबलं तर गाडी ठोकणार, आणि ठोकत असताना दामटली तर पिस्टन जाणार.

"ठोकायला लागली तर तुला कळणार कसं?" मी विचारलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. बहिरा माणूस आवाज खाली आणतो म्हणजे आपल्याएवढ्या आवाजात बोलतो. "त्यासाठीच तुला बोलावलं. आवाज आला की माझ्या गुडघ्यावर मार. शनिवारी गाडी बघायला जयंतीभाई शेठ येणार आहेत, त्यांना कळू द्यायचं नाही."

एवढ्यात गल्लीतल्या एका आजोबांनी मला विचारलं, "बाई, हाई गाडी पान्यावर चालस का?" हिरामणने ते ओठांवरून टिपलं आणि तो भडकला. "पान्यावर नही चालत! पेट्रोलवरच चालस! पानी फक्त गार करस!" हे त्याला दिवसातून अनेकदा सांगावं लागत असणार, कारण आजोबांचा अजिबात विरस झाला नाही. पान्यावर चालणारी गाडी पाहून ते समाधानाने घरी गेले.

जेवायला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी होती. आमची माय हिरामणकडेच असते. ती ताटात वाढत राहिली. रेखा घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. जेवण झाल्यावर ती खड्यांच्या स्टीलच्या वाट्या पुढ्यात घेऊन बसली आणि मान वर न करता म्हणाली, "समजावलं का?"

"अजून नाही."

"यांच्या कानांची काळजी मलाच जास्त आहे, ताई. पण कान वाचवायला निघाले आणि घर बसलं, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? शनिवारी गाडी चढली नाही तर सोमवारी हे कामावर जातील असा शब्द द्या मला."

मी शब्द दिला. हिरामणलाही मी शेजारी बसायचा शब्द दिला होता. मला नीट झोप लागली नाही.

सचिन

सकाळी लोचो खाल्ला. आम्हा नाशिककरांना सकाळी जिभेला चटका लागतो, तेव्हा कुठे दिवस उजाडतो. सुरतकर मात्र सकाळी सकाळी मऊ, वाफाळतं, तेल आणि शेव घातलेलं काहीतरी खाऊन लहान मुलासारखे खूश होतात. मी दोन प्लेट खाल्ल्या आणि तरीही नाक मुरडलं.

सचिनच्या औद्योगिक वसाहतीत जयंतीभाईंची शेड आहे. ते भाड्याच्या गाड्या चालवतात. सुरतेहून शिर्डीला आणि सापुताऱ्याला भरगच्च गाड्या जातात, आणि उन्हाळ्यात घाटात त्या धापा टाकतात. हिरामणची गाडी पूर्ण ओझ्यासकट घाट चढली, तर जयंतीभाई त्याला शेडचा एक कोपरा आणि फवारा बसवायला आपल्या गाड्या द्यायला तयार होते. मग लूमचा खडखडाट कायमचा सुटणार होता. साठीचे, पांढऱ्या शर्टातले, हसरे गृहस्थ. मला म्हणाले, "बेन, तमे टेन्शन न लो. हूं छुं ने." म्हणजे, मी आहे ना. मी टेन्शन घेते हे त्यांना माझ्या पायाकडे बघून कळलं असावं.

परतताना हिरामणने मला त्याचं युनिट दाखवलं. दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. मी काय बोलते आहे ते मलाच कळेना. हिरामण मात्र आत शिरला तसा वेगळाच माणूस झाला. ओठ वाचत, खुणा करत, एकाच्या पाठीवर थाप मारत, दुसऱ्याला लांबूनच विचारत तो चालला होता. जाता जाता त्याने एका मशीनच्या लोखंडावर तळहात ठेवला, थांबला, आणि तिथल्या माणसाला एक नट दाखवला. तिथे सगळेच बहिरे असतात, म्हणून तिथे तो बहिरा नव्हता. हे पाहून मला फार वाईट वाटलं. ज्या जागेने त्याचे कान खाल्ले, तीच जागा त्याला सोडवत नसणार, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

घाट

शनिवारी सकाळी निघायच्या वेळी मायने गाडीची पूजा केली. नारळ फुटला, बॉनेटवर स्वस्तिक आलं. मागे साड्यांचे गठ्ठे भरले होते. मी आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. सचिनला जयंतीभाई आले, त्यांनी पुढचं दार उघडलं आणि हात जोडून म्हणाले, "बेन, तमे पाछळ बेसो ने. आगळ मने जोवुं छे."

आता काय बोलणार? त्यांना समोर बसून गाडी बघायची होती. शिवाय शेठ मागे आणि बाई पुढे, हे तिथे कोणालाच बरं दिसलं नसतं. मी गठ्ठ्यांच्या शेजारी अंग चोरून बसले. आरशात हिरामणचे डोळे दिसले. ते मला विचारत होते, आता? मी खांदे उडवले.

वघईपर्यंत रस्ता छान आहे. पानगळ झालेलं सागाचं जंगल, बांबूची बेटं आणि मधूनच डांगी बायांची नागलीच्या पापडांची दुकानं. चहाला थांबलो तेव्हा जयंतीभाईंनी सगळ्यांना पापड भाजून खायला घातले.

शामगहान सोडलं आणि चढ सुरू झाला. पहिली वळणं गाडीने अशी घेतली की मीसुद्धा पाय हलवायला विसरले. त्या ओझ्यात तशी जुनी गाडी तिसऱ्या गिअरवर रेटत होती. पंप बारीक घुरघुरत होता. जयंतीभाई मान हलवत "वाह, वाह" म्हणत होते. हिरामणचा डावा हात गिअरच्या दांड्यावर सपाट टेकलेला होता, जसा तो युनिटमध्ये मशीनवर टेकला होता.

आणि मग तो आवाज आला. टिण टिण टिण, लोखंडाच्या आतून.

"हिरामण!" मी ओरडले. त्याला कळलं नाही. जयंतीभाई मागे वळून हसले, त्यांना वाटलं मी घाबरले. त्यांना आवाज ऐकू येत होता, पण गाडीच्या हजार आवाजांतला तोही एक, असं ते धरून चालले होते. पुढे चढ आणखी उभा झाला. हिरामणने आनंदाने पाय आणखी दाबला. टिणटिण वाढली. त्या क्षणी माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या. गप्प बसले तर इंजिन जाईल, आणि अडवलं तर गुपित जाईल. मी गठ्ठ्यावरून पुढे झुकले आणि दोन्ही हातांनी त्याचा खांदा धरून खेचला.

त्याने पाय उचलला. गाडी बाजूला घेतली. माझा दुपट्टा गठ्ठ्यात अडकून फाटला होता, तो मी सोडवत बसले, कारण कोणाकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

बॉनेट उघडलं. इंजिन वाचलं होतं. हिरामणने नोझल काढलं आणि उन्हात धरलं. त्याच्या बारीक भोकात पिवळाजर्द गाळ बसला होता. त्याने टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि बोटाचा वास घेतला. हळद. तळाशी कुंकूही होतं आणि तांदळाचे चार दाणे.

त्याने मायला व्हिडिओ कॉल लावला, फोन माझ्या हातात दिला. माय शांतपणे म्हणाली, "पानी पेस ना ती गाडी? मंग तो कळसच व्हयना ना? हयद-कुकू टाकं, अक्षता टाक्यात, तापीमायनं पानी टाकं. काय व्हयनं?"

"काही नाही, माय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? हिरामणला टाकीत बॅटरीचं शुद्ध पाणी घालताना ती दिवसभर बघत होती, आणि पाण्याने भरलेल्या कलशाला हळदकुंकू न वाहणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

जयंतीभाई आधी पोटभर हसले. मग हसू थांबलं. ते हिरामणच्या समोर येऊन उभे राहिले आणि सावकाश हिंदीत म्हणाले, "आवाज मुझे भी आ रहा था. मैं समझा नहीं. बेन समझीं. तू गाडी का आदमी है, तूने पैर क्यों नहीं उठाया?"

मी तोंड उघडलं. काहीतरी थाप मारायची, वाऱ्याची, खिडकीची. हिरामणने हाताने मला गप्प केलं.

"मला तो आवाज येतच नाही, शेठ," तो मराठीतच म्हणाला. "लूमवर गेला. हाताला काहीतरी लागलं होतं, पण वाटलं रस्ताच खराब आहे. म्हणून ताईला आणलं. तुम्हाला सांगणार नव्हतो."

घाटात एक ट्रक आमच्याजवळून गेला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कोणावर, ते कळत नव्हतं.

हिरामणने माझ्या दुपट्ट्याची सेफ्टी पिन मागून घेतली, नोझल साफ केलं, टाकी पालथी केली आणि डिकीतल्या कॅनमधलं बॅटरीचं पाणी भरलं. मग गाडी सापुताऱ्यापर्यंत एकदाही न ठोकता चढली. वर तळ्याकाठी जयंतीभाई बराच वेळ फेऱ्या मारत राहिले. मग येऊन म्हणाले, "गाडी पास है. आदमी का सोचना पडेगा. मेरी गाडी में लोगों के बच्चे बैठते हैं. हर गाडी की पहली चढाई में तेरे बाजू में कान वाला कोई बैठेगा तो शेड का कोना तेरा. पहले बत्ती लगा, पानी रुका तो जलनी चाहिए. और कान वाला आदमी सोमवार तक बता."

"ताई..." हिरामण माझ्याकडे वळला.

मी नाशिकला राहते. माझी शाळा आहे, माणसं आहेत. मी खाली बघितलं. त्यालाही ते दिसलं आणि त्याने पुढे विचारलं नाही. उतरताना मी पुढच्या सीटवर होते, पण त्या सीटवर बसून मला एवढं अस्वस्थ कधीच वाटलं नव्हतं.

रविवार, उड्डाणपुलावर

रविवारी संध्याकाळी अख्खं सुरत रस्त्यावर येतं. चांगल्या घरातली माणसं फुटपाथवर चादरी अंथरून डबे उघडून बसतात आणि शेजारून गाड्या जात असताना आरामात जेवतात. नाशिकला असं कोणी बसलं तर नातेवाईक विचारपूस करायला येतील. मला ते आवडलं, पण मन लागत नव्हतं. सकाळभर हिरामण पाण्याची बत्ती बसवत होता. रेखाला मी सगळं खरं सांगितलं होतं. गाडी चढली होती आणि चढलीही नव्हती, त्यामुळे तिला दिलेल्या शब्दाचं काय करायचं ते मलाच उमजत नव्हतं. ती ऐकून घेऊन पुन्हा खडे चिकटवायला बसली होती.

दुपारी ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "तो आवाज कसा असतो, मला ऐकवा."

"तुला?" मी म्हणाले.

"मग कोण बसणार आहे यांच्या शेजारी? तुम्ही उद्या नाशिकला चाललात. मला कान आहेत ना?"

सुरतेत चढ म्हणजे उड्डाणपूल. आम्ही मागे तेच गठ्ठे भरले. रेखा पुढे बसली, मी मागे. मी हिरामणला खुणेने पंप बंद करायला सांगितलं आणि पुलाच्या चढावर गाडी क्षणभर दाबायला लावली.

"आला?" मी विचारलं.

"सगळंच वाजतंय, ताई. कुठला तो?"

दुसरा पूल. तिसरा. रेखाचं कपाळ घामाने भरलं. ती डोळे मिटून बसली होती. मला माझ्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. स्टिअरिंगला घट्ट धरून बसणारे असेच असतात, त्यांना शिकवता येत नाही, सुटं करावं लागतं. मग तिच्या वाट्या आठवल्या.

"तुझ्या स्टीलच्या वाटीत खडे आहेत," मी म्हटलं, "आणि कोणीतरी वाटी हळूच हलवतंय. तेवढंच ऐक. बाकी रस्त्याला वाजू दे."

चौथ्या पुलावर ती एकदम ताठ बसली. "हा?"

"हाच."

त्यानंतर आम्ही तापीवरच्या मोठ्या पुलाकडे वळलो. पंप सुरू होता, बत्ती विझलेली होती. पलीकडे ऊन उतरत होतं, नदी रुंद आणि मंद दिसत होती. मी पहिल्यांदाच टेकून बसले. माझा पाय थांबला होता. सोमवारचं काय, हे कोणीच कोणाला विचारलं नव्हतं.

चढाच्या मध्यावर रेखाने हिरामणच्या गिअरवरच्या हातावर आपला हात ठेवला. त्याने लगेच पाय उचलला. गाडी मंदावली. मागून हॉर्न वाजले.

हिरामण हसत होता. त्याने स्टिअरिंगखालचं बटण दाखवलं. पंप त्यानेच बंद केला होता आणि बत्तीची तार काढून ठेवली होती. कोणालाही न सांगता.

रेखाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला आला होता ना, ताई?"

मी हो म्हणणार होते. पण खरं सांगायचं तर मला तो आवाज आला नव्हता.